पुढचेच काळे

जोगेश्वरीतल्या आमच्या सलूनमध्ये माझा नंबर त्याच्या मागे होता. पन्नाशीला टेकलेला माणूस, चष्मा काढून हातात घट्ट धरलेला. सलूनवाल्याला म्हणाला, "फक्त पुढचे केस काळे कर. लॅपटॉपवर इंटरव्ह्यू आहे, मागचं कोणाला दिसतंय?"

सॉफ्टवेअरमधली नोकरी गेल्यापासून तो घरीच होता. "इंटरव्ह्यू घेणारी पोरं माझ्या मुलीच्या वयाची असतात रे. म्हातारा दिसलो की वाट लागली."

रंग चढेपर्यंत तो आरशात बघून हसायचा सराव करत बसला. आधी दात दाखवून, मग ओठ मिटून, मग मान जराशी कलती ठेवून. मला उशीर होत होता, वैताग आला होता. तरी त्याच्या शेवटच्या हसण्याला मी मान डोलावली. ते खरंच बरं होतं.

महिन्याभराने तो पुन्हा तिथेच दिसला. पुढचे केस मुळाशी पांढरे झाले होते.

"काय झालं इंटरव्ह्यूचं?" सलूनवाल्यानं विचारलं.

"समोर माणूसच नव्हता. कॉम्प्युटरच प्रश्न विचारत होता. स्क्रीन काळी, नुसता आवाज. हसायचं कोणाकडे बघून?"

एरवी अखंड बडबडणारा सलूनवाला रंगाच्या वाटीकडे वळला. मग हळूच म्हणाला, "परत काळे करू?"

"नको. काळे आहेत तेवढे कापून टाक."

कात्री चालू झाली. समोर एवढा मोठा आरसा होता, पण तो मान खाली घालून अंगावरच्या कापडावर पडणारे काळे केस बघत राहिला.