दलालांनी तसदी घेऊ नये

मे महिन्यातला दुसरा रविवार, दुपारचे सव्वातीन. प्रश्न अकरा हजार रुपयांचा. हजर माणसं चार: मी, श्री. मेश्राम, सौ. मेश्राम आणि मेश्रामांच्या आई. ठिकाण: नागपुरात बेसाला, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटची बाल्कनी. चौघंही बाहेर आणि दाराची कडी आतून लागलेली!

कडी मीच लावली होती. पण ते पुढे सांगतो.

फ्लॅट मार्चपासून रिकामा होता. भाडं अकरा हजार. समोरच्या विजेच्या खांबावर 'फ्लॅट भाड्याने मिळेल' असा बोर्ड लावून धंदा करणारा रोशन नावाचा एजंट पहिल्याच आठवड्यात येऊन गेला. त्याचं कमिशन एका महिन्याचं भाडं. दार उघडायचं, पंखा लावून दाखवायचा आणि अकरा हजार घ्यायचे! माझे हात काय मोडले होते? मी त्याच दिवशी बाल्कनीच्या कठड्याला स्वतःचा बोर्ड बांधला. 'भाड्याने देणे आहे. मालकाशी थेट बोला. दलालांनी तसदी घेऊ नये.' खाली माझा नंबर.

माणसं येत होती. मी दाखवत होतो. माणसं जात होती.

याचं कारण माझा स्वभाव. घ्यायच्या आधी घेणाऱ्याला सगळं माहीत असलं पाहिजे, असं माझं मत आहे. म्हणून मी प्रत्येकाला सांगायचो, की पश्चिमेच्या भिंतीला दुपारी हात लावू नका, पोळेल. लिफ्ट आठवड्यातून एकदा रुसते. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पहाटे गातात. (चांगले गात नाहीत, हेही सांगायचो.)

एकदा बायको सोबत आली होती. खाली उतरताना म्हणाली, "अहो, तुम्ही घर दाखवून राहिले का कोर्टात साक्ष देऊन राहिले?"

"खरं सांगायला नको?"

"अकरा हजार वाचवायले बावीस हजार घालवले तुम्ही. दोन महिने झाले. हेही खरंच आहे न?"

फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता बँक माझा स्वभाव पाहून घेत नाही.

अशात मेश्राम कुटुंब आलं. ते वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर, बाई बेसाच्याच शाळेत शिक्षिका. सोन्यासारखे भाडेकरू! हे गेले तर संपलंच, असं मनाशी म्हणत मी निम्मे दोष गाळले. पश्चिमेची भिंत मात्र राहवलं नाही म्हणून सांगितली. तरी ते टिकले. बाल्कनीत उभं राहून बाई नवऱ्याला म्हणाल्या, "बरं आहे न?" आणि नेमका तेव्हाच मला एक दोष आठवला.

"हे दार जोरात लोटलं ना, की आतली कडी आपोआप पडते," मी म्हणालो. "पाहा."

आणि मी दार जोरात लोटलं.

कडी पडली. मी सांगितलं होतं अगदी तशीच!

"आता?" मेश्राम म्हणाले.

"आता... आतून उघडावं लागतं."

त्यांच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "अगा विलास, हे भाऊ मालकच आहेत न? पक्कं विचारलं का तू?"

मी कठड्यावरून वाकून हाका मारल्या. पण मे महिन्यातली नागपूरची दुपार! प्रत्येक खिडकीत कुलर, आणि माझ्या हाकेला इमारतीतले सगळे कुलर एका सुरात "घर्रर्र" म्हणून उत्तर देत होते. माझा फोन आत चार्जिंगला. मेश्रामांच्या फोनवरून मी बायकोला लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. कट केला! अनोळखी नंबर उचलायचा नाही, अशी घरात सक्त ताकीद आहे. ताकीद माझीच.

"आणखी कोणाचा नंबर पाठ आहे, काका?" सौ. मेश्रामांनी विचारलं.

पाठ कोणाचाच नव्हता. पण समोर, खांबावर, हातभर मोठ्या आकड्यांत एक नंबर दिसत होता.

मी दुसरीकडे पाहू लागलो. मेश्रामांनी वाचून लावला.

रोशन वीस मिनिटांत स्कूटरवरून आला. खाली उभा राहून त्यानं आधी मला पाहिलं, मग माझा बोर्ड सावकाश, मोठ्यानं वाचला. "काका, इथं तर लिहून आहे, दलालांनी तसदी घेऊ नये. येऊ का जाऊ?"

"ये रे बाबा! पण बाहेरचं दारही बंद आहे, चावी आत..."

"चावी आहे माझ्याजवळ. काकूंनी मागच्याच महिन्यात देऊन ठेवली."

(यावर मी घरी बोललो. काय बोललो ते इथे महत्त्वाचं नाही, कारण कोणी ऐकलं नाही.)

त्यानं बाल्कनीचं दार उघडलं. मेश्राम मंडळी चपलांकडे निघाली. माझे अकरा हजार, बावीस हजार, सगळेच चपला घालत होते! तेवढ्यात रोशन आईंना म्हणाला, "मावशी, बाल्कनी कशी वाटली? समोर मोकळा प्लॉट आहे. एकदा बसलं की उठावंसं वाटत नाही."

मावशी थांबल्या. "वारा तर येते बाप्पा," त्या म्हणाल्या. "पाऊण तास बसलो. मे महिन्यात, बिना कुलरचं! अगा विलास, घेऊन टाक."

दोन महिने मी हे घर दाखवत होतो. वारा येतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

अखेरचा हिशेब असा. सुताराला नव्या कडीचे अडीचशे. रोशनला अकरा हजार. देताना मी म्हणालो, "भाडेकरू मी आणले, पाऊण तास वाऱ्यात बसवले मी. निदान अर्धं तरी सोड!"

"काका, अर्धं तुम्हाले बाहेर काढल्याचं," तो नोटा मोजत म्हणाला. "अन् अर्धं त्यायले आत ठेवल्याचं."

"पहिल्या अर्ध्यात फार कमी घेतलं गा तू," बायको त्याला म्हणाली.

मी मनातल्या मनात आकडेमोड करून पाहिली: त्याचे साडेपाच हजार, माझ्या घर दाखवण्याचे बावीस हजार. तिचं बरोबर होतं.