मामाची जागा

“तो आपला शे का, अक्का? मांडवात तो मामा म्हणून उभा राहिला तर बठ्ठा गाव हसेल!” युवराजनं चहाचा कप खाली आपटला. “एक तर तो, नाहीतर मी.”

पार्वताबाईंचे हात पापडाच्या लाट्यांवर चालूच होते. “दोघंही उभे राहा म्हणतेय मी. दोन मामा असले तर बिघडलं कुठं?”

“एक मामा शे, दुसरा गडी!”

नवरी मुलगी तिथंच बसली होती. मृणाली पारोळ्याच्या कॉलेजात मराठी शिकवायची. तीही युवराजमामाच्याच बाजूनं बोलली. “आई, भिकनमामाचा चेहरा बघ ना. अगदी आमच्या कादंबरीतल्या त्या माणसासारखा. फोटोत वाटेल, शाप द्यायलाच आलाय.”

भिकन सहा वर्षांचा असेल तेव्हा पार्वताबाईंच्या वडिलांना साक्रीच्या बाजारात सापडला होता. तीन बाजार गेले, कुणी न्यायला आलं नाही, म्हणून ते त्याला घरी घेऊन आले. पुढं पार्वताबाई विधवा झाल्या, तेव्हा तो त्यांच्या सासरी चोपड्याला आला आणि बावीस वर्षं त्यांची केळीची बाग सांभाळत राहिला. उंच, जाड भुवयांचा, मुका नसून मुक्यासारखा. तो दारात आला की बायका आपोआप आवाज खाली आणत.

ती कादंबरी मृणालीनं वर्गाच्या तयारीसाठी उन्हाळाभर आईला वाचून दाखवली होती. जुनी, नावाजलेली. पुरात सापडलेलं पोर एक जमीनदार वाढवतो, आणि त्याचा काळाकभिन्न, घुम्या पुरुष होतो. तो पानावर आला की दिवा काजळायचा, कुत्री रडायची. “लेखकानं काय उभा केलाय!” मृणाली म्हणायची. पार्वताबाईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं होतं, “त्याच्याशी कुणी बोलतं का गं त्यात?” मृणालीनं पानं चाळली होती. “त्याच्याबद्दल खूप बोलतात.”

ते पार्वताबाईंच्या मनातून गेलं नव्हतं.

“युवराज,” त्या म्हणाल्या, “भिकन आपल्याकडं पहिल्यांदा जेवायला बसला, ते आठवतं?”

“पन्नास वर्षं झाली अक्का!”

“त्यानं त्याच्या डोंगराकडच्या बोलीत पाणी मागितलं. तू लोळून हसलास. मीही हसले. महिनाभर आपण त्याची नक्कल करत पाणी मागायचो. त्यानंतर त्यानं आपल्याकडं कधी काही मागितलं नाही.”

युवराज काही बोलणार, तेवढ्यात भिकन मांडवासाठी केळीचे खुंट खांद्यावर घेऊन आला. ते दाराशी टेकवून तो माठाकडं गेला, स्वतःच तांब्या बुडवून पाणी प्यायला आणि परत शेताकडं निघून गेला. घरातले तिघंही त्याच्या पाठीकडं बघत राहिले.

“सायकल शिकवताना तो मागं धावायचा,” मृणाली म्हणाली. “मला वाटायचं, धरलंय. सोडलेलं असायचं. पण धावत असायचा.”

“म्हणजे मी सख्खा भाऊ असून परका?” युवराज उठला.

पार्वताबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले.

“तू ये, अक्षता टाक, पोटभर जेव. मृणालीच्या मागं भिकन उभा राहील. एकटा. त्याच्या मापाचा फेटा उद्या आणायचाय.”