इंजिनाला नमदा

रतनसिंगचे मी आधी पाय पाहिले. १९७४ साली अकोल्याकडच्या मालेगावात गुलाबचंद शेठच्या दुकानापुढे त्यांची अँबेसेडर उभी होती आणि उघड्या दारातून दोन पाय बाहेर आले होते. बाकीचा ड्रायव्हर स्टेअरिंगखाली होता.

"काय करून राह्यला गा?"

"इंजिनाचं तोंड दाबून राह्यलो, गुरुजी. शेठाणीबाईचं डोकं दुखते."

टांग्याच्या घोड्याचा जुना लोकरी नमदा त्याने इंजिनामागच्या पत्र्यावर डांबराने चिकटवला होता, पायाखाली बारदाना अंथरला होता. शेठाणी कंचनबाई खूश झाल्या. "रतनसिंग, मंदिरात बसल्यावानी वाटते रे!"

पण इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला मागचं बोलणं ऐकू येत नाही, असं धरून बोलायची शेठ-शेठाणीची सवय जुनीच राहिली. अकोल्याच्या डॉक्टरकडून परतताना कंचनबाई म्हणाल्या, "जतनले फिट येते, हे जऊळक्याच्या सोयऱ्यांले सांगू नका. लगन होऊ द्या."

जतन त्यांची लेक. रतनसिंगने तिला शाळेत सोडता-सोडता मोठी होताना पाहिलं होतं. त्याला राहवलं नाही. घरी बायकोला, भुरीबाईला म्हणाला, "पोरीसाठी नवस बोल."

आमच्याकडे नवस मनात बोलत नाहीत. भुरीबाईने देवीपुढे हात जोडून मोठ्याने सांगितलं, "माय, शेठच्या जतनची फिट जाऊ दे, तुले साडीचोळी नेसवीन." मागे बाया उभ्या होत्या. आठ दिवसांत जऊळक्याहून सोयरिकीचा नारळ परत आला.

शेठनी दोष दिला डॉक्टरच्या कंपाउंडरला. गाडीत ते त्याला शिव्या देत होते, त्याही रतनसिंगने ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी तो खुरप्याने नमदा खरवडताना दिसला.

"काहून काढून राह्यला?"

"नमद्याले उंदरं लागले म्हणून शेठाणीले सांगितलं." मग त्याने सगळं सांगितलं. "माहे कान त कापता येत नाहीत ना, गुरुजी."

"कंचनबाईंना खरं सांगून टाक."

"सांगतो," तो म्हणाला. सांगितलं नाही. आरशात शेठाणीचा हात दुखऱ्या कपाळाकडे जाताना दिसला की तो गाडी हळू करायचा. शेठ खेकसायचे, "बैलबंडी हाकून राह्यला काय बे?"

जतनचं लग्न पुढे जमलं नाही. ती दुकानात बापाशेजारी बसू लागली. गाडी दारात लावली की रतनसिंग दुकानाकडे पाठ करून उभा राही. दोन वर्षांनी त्याने नोकरी सोडली.

आता तो इंझोरीला मुलाच्या पिठाच्या गिरणीवर बसतो. दळण घेऊन येणाऱ्या बायांना तिथे ओरडून बोलावं लागतं.