कंट्रोलर नानांचं पान

जीवराम नाना धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. गाडी लागली की लाउडस्पीकरवरून गाव पुकारायचं, हे त्यांचं काम. पंच्याण्णव सालच्या जूनमध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा अभिमन घर सोडून सुरतेच्या गाडीनं गेला. ती गाडी नानांनीच पुकारली होती.

आदल्या दिवशी बारावीचा निकाल लागला होता. अभिमन गणितात नापास. वर्षभर हा ग्रहताऱ्यांचे फोटो कापून वहीत चिकटवत बसला म्हणून असं झालं, हे नानांच्या डोक्यात बसलं. त्यांनी ती वही अंघोळीच्या बंबात घातली. अभिमन बंब विझेपर्यंत समोर बसून राहिला.

नानांनी पोलिसांत तक्रार दिली, वर्तमानपत्रात फोटो छापला, सुरतेच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. हाती काही लागलं नाही.

मी तेव्हा धुळ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. अठ्ठ्याण्णवमध्ये आमच्याकडे इंटरनेट आलं. एका दुपारी नाना ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच आले. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "ताई, याच्यात आपण काही टाकलं तर कुठल्याही गावात दिसतं म्हणे?"

"दिसतं. पण बघणाऱ्यानं ते शोधायला हवं."

"तो शोधेल," नाना म्हणाले. "तो जिथं असेल तिथं हेच बघत असेल. चांदण्या, ग्रह, असलं काहीबाही."

मग मला त्यांनी सगळं सांगितलं. आम्ही फुकटातलं एक पान उघडलं आणि त्याला नाव दिलं 'धुळ्याचा अभिमन'. मराठी अक्षरं तिथं उमटत नसत, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. नाना रोज दुपारी यायचे. मी शोधायचे, ते निवडायचे. शनीच्या कड्यांचा फोटो वरून खाली ओळीओळीनं उतरायचा, इंटरनेटचा फोन मध्येच तुटायचा, पुन्हा जोडायचा. हात न लावता नुसत्या हवेत बोटं हलवून वाजणारं एक वाद्य सापडलं. चुंबकाच्या जोरावर अधांतरी तरंगणारा जिवंत बेडूक सापडला. विजा चमकल्यावर रेडिओवर ऐकू येणारी आकाशातली शीळ सापडली. ती ऐकताना नानांनी डोळे मिटले होते. प्रत्येक मजकुराखाली एकच ओळ असायची: आई वाट बघते.

पानावर दिलेल्या ई-मेलवर पत्रं येऊ लागली. सांगलीच्या एका शिक्षकानं बेडकाबद्दल विचारलं, पुण्याच्या कुणी आणखी फोटो मागितले. पत्र आलं म्हटलं की नाना खुर्चीतून उठून उभे राहायचे. मी नकारार्थी मान हलवली की बसायचे. एकदा सुरतेहून पत्र आलं, खाली नाव नाही, नुसता एका दुकानाचा पत्ता. नाना त्याच दिवशी रजा टाकून गेले. तो माणूस आमच्या धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याचाच निघाला, पण चाळिशीचा. गावची भाषा वाचून बरं वाटलं म्हणून त्यानं लिहिलं होतं. परत आल्यावर नाना मला म्हणाले, "त्यानं मला जेवायला घातलं, ताई. मला त्याचा राग आला."

असं दीड वर्ष चाललं. नाना वाळत गेले. पुकारताना गाड्यांची गावं चुकायची.

नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात एक पत्र आलं. त्यात तीनच ओळी होत्या. 'गुरूचा तो ज्वालामुखीचा चंद्र बेचाळीस दिवसांत नाही, बेचाळीस तासांत फेरी मारतो. मी बरा आहे. शोधू नका.'

चूक माझी होती. मी घाईत पानावर तास सोडून दिवस लिहिलं होतं.

नानांनी ते पत्र मला चार वेळा वाचायला लावलं. मग ते रस्त्यावर गेले आणि मंदाबाईंना, त्यांच्या बायकोला, रिक्षात घालून घेऊन आले. मंदाबाईंना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"जिवंत शे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे, आक्का."

"मंग त्याले इचारा, येळवर जेवस का नही."

मी तसंच लिहिलं. नानांनी सांगितलं, "आणि लिहा, वही मी जाळली, चुकलं माझं. तू येऊ नको म्हणशील तर मी येणार नाही. फक्त गाव सांग."

आठ दिवस उत्तर नाही. नाना रोज येऊन, न बसता उभ्यानंच विचारून जायचे. मग पुन्हा लिहिलं, ते पत्र परत आलं. असा पत्ता अस्तित्वात नाही, असा त्यावर इंग्रजीत मजकूर होता. तो मी नानांना मराठीत सांगितला.

"म्हणजे मी लिहिलं म्हणून त्यानं ते दार बंद केलं," नाना म्हणाले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

पंधरा दिवस ते फिरकले नाहीत. मला वाटलं, संपलं. मग एका दुपारी आले, दाढी वाढलेली, आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले.

"काढा ताई, आज काय नवीन शे ते," नाना म्हणाले.

"नाना, तो आता बघत नसला तर?"

"नसेल," ते म्हणाले. "पण आकडे दोनदा तपासा."