नऊ शनिवार गैरहजर

आमच्या धाकटीला राग यायला दोन मिनिटं पुरतात, जायला दोन वर्षं. चार वर्षांपूर्वी मी तिची सायकल न विचारता नेली होती. ते ती अजून उकरून काढते. त्यामुळे कॉलेजात छात्रसेनेच्या परीक्षेला अपात्र ठरलेल्यांची यादी लागली आणि वर पहिलं नाव तिचंच निघालं, तेव्हा मला आधी कॉलेजचीच काळजी वाटली.

सैन्यात अधिकारी व्हायचं, हे तिनं पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. लेखी परीक्षेत ती दोनदा गणितावर आपटली. गणित आमच्या घरात कुणालाच धार्जिणं नाही. पण छात्रसेनेचं वरचं प्रमाणपत्र असेल तर लेखी माफ, थेट मुलाखत. यंदाचं तिचं शेवटचं वर्ष. ही परीक्षा हुकली की तो रस्ताच संपला. आणि अपात्र का, तर कवायतीला नऊ शनिवार गैरहजर.

गैरहजर म्हणे! शनिवारी पहाटे आईला उठवून गणवेशाची इस्त्री तपासायला लावणारी बाई ही!

झालं होतं असं. छात्रसेनेचे सर एरवी भूगोल शिकवायचे. संस्थेच्या अध्यक्षांनी कुठेही फीत कापायची म्हटलं, की दारात सलामीला एक कॅडेट पाठवायचा, ही त्यांची पद्धत. उंच, ताठ, बूट चकचकीत, म्हणजे अर्थातच धाकटी. ती अध्यक्षांच्या पुतण्याच्या टायरच्या दुकानाबाहेर दीड तास सावधान उभी होती, तेव्हा सर मैदानावर हजेरी घेत होते. मैदानात नाही ती गैरहजर. पाय दुखतात म्हणून झाडाखाली लोळणारे हजर.

"अगं, मग तेव्हाच सरांना सांगायचं ना," बाबा म्हणाले.

"त्यांनीच पाठवलं होतं बाबा! काय सांगू, मी कुठे आहे ते?"

ती सरांकडे गेली. मीही गेलो, सुरक्षित अंतर ठेवून.

"बाळ, हजेरीची वही मुख्य कार्यालयात गेली," सर म्हणाले. "आता काही करता येत नाही. आणि तू तर आमच्या कॉलेजची शान!"

"शानेची हजेरी लावत नाहीत का, सर?"

सर चष्मा पुसू लागले. धाकटी तडक प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या भिंतीशी गेली. तिथे समारंभांचे फोटो टांगलेले, खाली तारखा. प्रत्येकात पाहुणे हसतायत आणि कडेला ही, खांबासारखी. तिनं भराभर नऊ फ्रेमा उतरवल्या.

"ए पोरी, कॉलेजची मालमत्ता आहे ती!" शिपाईमामा ओरडले.

"मलाही तेच समजतात, मामा!" तिनं पाच फ्रेमा माझ्या छातीवर आदळल्या. "चल दादा, उभा काय राहिलास!"

छात्रसेनेच्या मुख्य कार्यालयात कर्नलसाहेबांनी एकेक फोटो पाहिला. टायरच्या दुकानाशी जरा थांबले.

"ही कवायत नव्हे," ते म्हणाले.

धाकटीच्या कानशिलावरची शीर उडताना मला दिसली. पण साहेबांनी तिथूनच सरांना फोन लावला. परीक्षेला अकरा दिवस होते. नऊ सकाळी, सहा वाजता, हिची कवायत होईल, सरांनी स्वतः उभं राहून घ्यायची आणि सही करायची. पलीकडून सर बरंच काही बोलले असावेत. साहेबांनी फोन ठेवला.

दोन दिवस सर जांभया देत आले. तिसऱ्या दिवशी मी तिला सोडायला गेलो, तर सरांनी या कवायतीची नवी वही काढून उरलेल्या सातही रकान्यांत 'हजर' लिहून टाकलं.

"झालं, बाळ. तूही झोप, मीही झोपतो."

मला वाटलं, घे की बाई! मिळतंय ना? धाकटीनं वही ओढली आणि सातही रकान्यांवर रेघ मारली. पेन कागदात रुतलं.

"मी उभी होते तेव्हा लिहिलं नाहीत. आता उभी नसताना लिहिता?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"मैदानात चला, सर. सव्वासहा झाले."

सर निघाले. काय करतात बिचारे! तासभर ती एकटी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय आपटत होती, आणि प्रत्येक वळणावर सरांना आवाज द्यावा लागत होता. आवाज मऊ पडला, की ती जागीच थांबायची. "ऐकू आलं नाही, सर!"

नवव्या सकाळी शेवटची सही झाली. धाकटीनं कडक सलाम ठोकला, पण नजर सरांच्या डोक्यावरून पार पलीकडे. आईनं घरी विचारलं, "आता तरी राग गेला का गं?"

"परवा परीक्षा आहे," ती म्हणाली आणि बुटांना पॉलिश करायला बसली.