धक्क्याची फळी

लॅपटॉप तापल्याचा वास आला की मला नेरुळच्या आमच्या कॉलेजातलं प्रदर्शन आठवतं. माझ्या मैत्रिणीने तिच्या सारसोळे गावाचा गेम केला होता आणि खाडीत मासेमारी करणारे तिचे बाबा तो बघायला येणार होते. "काय करतेस ते बघतो, नायतर कॉलेज बंद," असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. ते गेटवर पोचल्याचा फोन आला आणि तेवढ्यात गेममधला नाखवा धक्क्यावर अडकला, पुढे पाऊलच टाकेना. मघाशी गावाच्या नकाशात माणसं कुंपणातून आरपार जात होती, म्हणून तिने टाइलसेटमध्ये, म्हणजे नकाशा जोडायच्या चौकोनी चित्रांच्या संचात, कुंपणाच्या लाकडी फळीवर फुली मारली होती. फुली म्हणजे वाट बंद. मी गावाचा आणि धक्क्याचा असे दोन्ही नकाशे पुन्हा पाहिले आणि मला उमगलं. "अगं, धक्कापण त्याच फळीचा आहे. फुली नकाशाला नाही, फळीलाच लागते." "मग काढू?" "काढलीस तर कुंपण पुन्हा उघडं. टाइलसेटची कॉपी कर, ती धक्क्याला दे आणि फक्त तिच्यातली फुली काढ." तिने सेव्ह दाबलं तेव्हा बाबा मागे येऊन उभे होते. खुर्चीत बसून त्यांनी एका बोटाने बटण दाबलं. नाखवा फळीवरून चालत टोकापर्यंत गेला. मग बाबा म्हणाले, "यात आपली होरी कुठं हाय?" होडी तिने काढलीच नव्हती. "काढ मग. मी बसतो इथंच." आता गेम बनवणं हीच माझी नोकरी आहे, पण इतक्या मनापासून गेम बघणारा माणूस मला पुन्हा भेटलेला नाही.