डाव्या हाताचं बोट

तिसऱ्या बाळंतपणानंतर माझं पोट जे सुटलं ते सुटलंच. पुढं साखर निघाली, मी रोज चालायला लागले, वजन उतरलं आणि पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायला लागली. उन्हाळ्यात त्या घडीखाली पुरळ यायचं, खाजवून रक्त निघायचं. निऱ्या खोचल्या तरी तासाभरात सुटायच्या. शाळेत असेपर्यंत निभावलं. निवृत्त झाल्यावर मात्र ठरवलं, की ही कातडी काढून टाकायची.

शेजारणीनं विचारलं, "आता ह्या वयात कुणाला दाखवायचंय?"

"मलाच," मी म्हटलं. मला असल्या चौकशांचा मनस्वी राग येतो.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यात मी आणि आमचे हे दोघे गेलो. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोटाची कातडी सोडवून उचलायची, जास्तीची कापायची, उरलेली खाली ओढून शिवायची. ओढलेल्या कातडीला काही दिवस रक्त कमी मिळतं. सगळा धोका तिथं. त्यात माणूस तंबाखू घेत असेल तर बारक्या शिरा आकसतात, कातडी काळी पडते, टाके उसवतात, जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पायात गाठ होऊन ती वर सरकली तर जिवावरही बेतू शकतं. मग त्यांनी एकेक करून प्रश्न विचारले. साखर, रक्तदाब, ॲलर्जी. आणि मग तंबाखू, सिगारेट, गुटखा.

"डॉक्टर, मी शिक्षिका होते. इतकी वर्षं मुलांकडून व्यसनमुक्तीची शपथ म्हणून घेतलीय."

हे काही उत्तर नव्हतं. पण डॉक्टर हसले आणि त्यांनी 'नाही'वर खूण केली. मी खाली सही ठोकली.

खरं काय ते आता सांगते. मी मिश्री लावत होते. तंबाखू तव्यावर भाजून केलेली काळी पूड, डाव्या हाताच्या बोटानं दातांना लावायची. लग्नाआधी आईच्या डबीतनं लागलेली सवय. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही, दुपारी लावल्याशिवाय डोकं चालायचं नाही. शाळेतसुद्धा मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन यायचे. ह्यांना माहीत नाही, पोरांना माहीत नाही, अशीच माझी समजूत. मनाला सांगायचे, मिश्री म्हणजे दात घासणं, त्यात व्यसन कसलं? निम्मं मला ते खरंच वाटायचं. निम्मी लाज होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटच्या तपासणीला गेलो. सिस्टर चंदगडकडची होती, तिशीतली, आवाज चांगला खणखणीत. तिनं उजव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायला माझा डावा हात हातात घेतला. बोटाकडं बघितलं. बोट उलटं करून पुन्हा बघितलं. मग चिमटा न लावताच ह्यांच्याकडं वळली.

"काका, खालनं जरा तिघांचा चहा घेऊन येतासा काय?"

हे गेले. तिनं दार लावलं.

"बाई, मिश्री दिवसातनं किती येळा लावतासा?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेली पोरगी मला विचारते. मी म्हटलं, "तोंड सांभाळून बोल. डॉक्टरांकडं तक्रार करीन."

"करा की. पर तक्रार करताना मिश्रीचंबी सांगा." ती जराही हलली नाही. "माझी आय चारदा लावती. असलं बोट मी लहानपणापास्नं बघतोय. तुमचं पोट उद्या उघडणार हाय, बाई. काळं पडलं तर ते लपवता यायचं न्हाय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण मिश्रीची डबी त्या वेळी माझ्या पर्समध्ये होती. उद्या सकाळी उपाशी यायला सांगितलं होतं, तर दवाखान्यातल्या बाथरूममध्ये लावून मगच टेबलावर जायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. मिश्री कुठं खाणं असतं?

मी डबी काढून तिच्या हातात दिली आणि रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बरं झालं आज सांगितलंत." उद्याची तारीख खोडली. दीड महिना मिश्रीचा कणसुद्धा नाही, मग लघवीत तंबाखूचा अंश उरलाय का ते तपासायचं, मगच ऑपरेशन. "आणि पुन्हा सुरू केलीत तर मला तोंडावर सांगायचं. पुन्हा खोडू."

जिन्यात हे चहाची किटली घेऊन वर येत होते. तारीख खोडल्याचं कारण तर सांगावं लागणार होतं. लेक रजा काढून निघाली होती. तिथंच पायरीवर उभं राहून मी सांगून टाकलं.

हे म्हणाले, "मला काय नवीन सांगतीस? बेसिनमधले काळे शिंतोडे रोज कोण धुतंय?"

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"तू लपवत होतीस. मी कशाला काढू?"

माणूस हा असा. मला हसूही आलं आणि त्यांचा रागही आला, कारण डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं त्या वेळी ते माझ्या शेजारीच बसले होते आणि तेव्हाही गप्प राहिले. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यावर त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "व्हय, तिथं चुकलं माझं."

तो दीड महिना मी घरातल्या सगळ्यांना फाडून खाल्लं. डोकं ठणकायचं, पोट दगड व्हायचं, हात आपोआप डबी ठेवायच्या कपाटाकडं जायचा. हे बडीशेप-लवंग घेऊन मागं मागं फिरायचे. दर दोन-तीन दिवसांनी सिस्टरचा फोन यायचा. "लावली न्हाय न्हवं?" एवढंच विचारून ठेवून द्यायची.

ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. "बघा की," सिस्टर म्हणाली. बघितलं. टाक्यांची लांब रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना गुलाबी, जिवंत कातडी. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांचे उपकार आहेतच, हात त्यांचाच. पण ही कातडी मला त्या पोरीनं दिली, आणि मी तिला तक्रारीची धमकी दिली होती. हे मी तिला तसंच सांगितलं आणि माफी मागितली. विचारलं, तुझ्यासाठी काय करू?

तिनं बराच वेळ पट्टीची कात्री पुसली. मग म्हणाली, "आयच्या गालात आतनं पांढरा चट्टा उठलाय. डॉक्टरकडं चल म्हटलं तर मी मिश्री लावतच न्हाय म्हणती. माझं ऐकंना. तुमी बोलशीला?"

तिथंच, मी कॉटवर पडलेली असताना, तिनं आईला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर माझ्याच वयाची बाई, डोक्यावर पदर, मागं काजूचं झाड. मी विचारलं. तिनं ठसक्यात सांगितलं, "छ्या, आमच्यात कोण लावत न्हाय." अगदी माझाच सूर.

"मग बोट दाखवा बघू," मी म्हटलं.

तिनं उजवा हात वर केला. बोट स्वच्छ होतं.

मी माझा डावा हात कॅमेऱ्यासमोर धरला. दीड महिन्यात डाग पुसट झाला होता, पण गेला नव्हता. तिनं तो बघितला. मग पोटावरच्या टाक्यांवरून मी फोन फिरवला आणि सगळं सांगितलं, शाळेतलं बाथरूमसुद्धा.

"आता दुसरा हात दाखवा, अक्का," मी म्हटलं.

मग पदराखालून तिनं डावा हात बाहेर काढला.